गाडीचा गाजावाजा आणि गाडीची पारख
प्लग-इन हायब्रिड स्पोर्ट्स कारच्या उदाहरणावरून एक धडा

आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची रोजी मोटारींवर चालते. कोणी गॅरेज चालवतो, कोणी डेंटिंग-पेंटिंग करतो, कोणी वायरिंगचे काम करतो, तर कोणी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. या सर्व बंधूंना आता पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांशी काम पडत आहे. अशा गाडीची किंमत कशी ठरवावी, कंपनीचा कोणता आकडा खरा धरावा आणि हात कुठे लावू नये, हे माहीत नसेल तर नुकसान ठरलेले. म्हणून आज एका प्रसिद्ध गाडीचे उदाहरण घेऊन पारख कशी करावी ते पाहू. गाडी श्रीमंतांची आहे, पण धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे.

गाडी कोणती?

जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१४ साली आय-८ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. ती लाइपझिग येथील कारखान्यात तयार होई. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत २ कोटी २९ लाख रुपये होती. जर्मनीत मूळ किंमत १ लाख २६ हजार युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ९० लाख रुपये. मधला फरक मुख्यतः आयात शुल्क आणि करांचा. २०२० साली या गाडीचे उत्पादन थांबले. तोपर्यंत जगभरात २० हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

तिची रचना समजून घ्या. मागच्या चाकांना दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद २३१ अश्वशक्ती. पुढच्या चाकांना १३१ अश्वशक्तीची विजेची मोटर. दोन्ही मिळून ३६२ अश्वशक्ती. थांबलेली गाडी ४.४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करता येते, म्हणून तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीची वापरता येणारी क्षमता साधारण ५ युनिट होती. २०१८ मध्ये मोठी बॅटरी आली.

पहिला मुद्दा : ॲव्हरेजचा आकडा

कंपनीचा युरोपातील आकडा होता १०० किलोमीटरला २.१ लिटर, म्हणजे लिटरला जवळजवळ ४७ किलोमीटर. स्पोर्ट्स कार मोटारसायकलसारखे ॲव्हरेज देते, असे ऐकून कोणीही चकित होईल. आकडा खोटा नव्हता, पण तो कसा काढला हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाई.

त्या काळच्या युरोपीय नियमानुसार गाडी दोनदा तपासत, एकदा बॅटरी भरलेली असताना आणि एकदा रिकामी असताना. मग असे धरले जाई की बॅटरी संपल्यावर मालक फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि पुन्हा चार्जिंगला लावेल. या गाडीची विजेवरची मजल त्या चाचणीत ३७ किलोमीटर होती. म्हणजे ३७ अधिक २५, अशा ६२ किलोमीटरपैकी पेट्रोल जळते फक्त २५ मध्ये, पण ते वाटले जाते ६२ वर. उलटा हिशेब केला तर बॅटरी रिकामी असताना त्याच चाचणीत सुमारे ५.२ लिटर, म्हणजे लिटरला १९ किलोमीटर, एवढा खर्च निघतो.

अमेरिकेच्या सरकारी चाचणीचे माप अधिक कडक आहे. तिथे विजेवरची मजल सुमारे २४ किलोमीटर आणि फक्त पेट्रोलवरचे ॲव्हरेज लिटरला जेमतेम १२ किलोमीटर निघाले. एकाच गाडीचे ४७, १९ आणि १२ असे तीन आकडे. फरक आहे तो मापाचा.

दुसरा मुद्दा : आपला वापर

म्हणून कंपनीचा आकडा बाजूला ठेवून आपला रोजचा प्रवास कागदावर मांडावा. अमेरिकन माप धरू. दुकान ते घर रोज २० किलोमीटर आणि रात्री चार्जिंग, तर पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही. एका चार्जला नुकसानीसह ६ युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर किलोमीटरला अडीच रुपये पडतात. पेट्रोल १०० रुपये धरले तर लिटरला १२ च्या हिशेबाने किलोमीटरला सव्वाआठ रुपये.

पण मुंबईहून पुण्याला १५० किलोमीटर जायचे असेल तर पहिले २४ किलोमीटर विजेवर आणि उरलेले १२६ पेट्रोलवर. म्हणजे साडेदहा लिटर. जाहिरातीच्या आकड्याने तीन-सव्वातीन लिटरच लागायला हवे होते. चार्जिंगची सोय नसलेल्या चाळीत किंवा गल्लीत राहणाऱ्याने अशी गाडी घेतली, तर तो बॅटरीचे पैसे मोजून केवळ तिचे ओझे वाहत राहील. हा हिशेब स्वस्तातल्या प्लग-इन गाडीलाही तसाच लागू आहे.

तिसरा मुद्दा : जुनी गाडी घेताना

बॅटरीवर कंपनीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर होती. २०१५ च्या गाड्यांची ती मुदत संपली आहे. त्यामुळे सौदा करताना बॅटरी पूर्ण भरावी, केवळ विजेवर गाडी चालवावी आणि किती किलोमीटर जाते ते मोजावे. २४ च्या जागी १४ भरले तर बॅटरी थकली असे समजून भाव पाडावा. बॅटरीची तपासणी अधिकृत यंत्रावर करून कागद घ्यावा. मगच इंजिन आणि टायर पाहावेत.

कारागीर बंधूंसाठी

या गाडीचा बसण्याचा सांगाडा कार्बन फायबरचा, खालची चौकट ॲल्युमिनियमची आणि बाहेरचे बहुतेक भाग प्लॅस्टिकचे आहेत. पत्र्यावर चालणारा हातोडा इथे उपयोगाचा नाही. तडा गेलेले कार्बन फायबर ठोकून सरळ होत नाही, ते शिकलेल्या हाताने कापून चिकटवावे लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. हायब्रिड गाडीतील नारिंगी रंगाच्या केबलमधून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो. नेहमीच्या १२ व्होल्टच्या सवयीने त्या केबलला पक्कड लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. गाडी बंद केल्यावरही यंत्रणेत काही काळ दाब शिल्लक राहतो. प्रशिक्षण, रबरी हातमोजे आणि योग्य मीटर असल्याशिवाय या भागाला हात लावू नये. "हे काम मला येत नाही" असे ग्राहकाला सांगण्यात कमीपणा नाही. आपल्या तरुणांनी मात्र हे प्रशिक्षण आताच घ्यावे, कारण उद्याचे काम याच गाड्यांचे आहे.

विकणाऱ्याची जबाबदारी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवण्यास विक्रेत्याला बजावले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. थकलेली बॅटरी ही आजची आतली ओल आहे. गाडीला चमक देऊन बॅटरीचा ऐब लपवणारा एक सौदा जिंकेल, पण कमाईतली बरकत आणि बाजारातली पत गमावेल. मोजलेली मजल पावतीवर लिहून द्यावी. ज्या दुकानात असा कागद मिळतो त्या दुकानात ग्राहक पुन्हा येतो. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि चोख व्यवहाराची तौफीक देवो.