मंगळसूत्र मोडण्याआधी

घटस्फोट ठरला तेव्हा हसनाबादेत मला सगळ्यांत आधी विचारलं गेलं ते मंगळसूत्राचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, राजूरच्या गणपतीच्या दानपेटीत टाक आणि मोकळी हो. भाऊ म्हणाला, जालन्याच्या सराफ्यात मोडू, कपाशीच्या खर्चाला होतील. सासरचा निरोप वेगळाच होता : दोन वाट्यांपैकी एक आमची, ती आणि साखरपुड्याची अंगठी परत पाठवा.

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि डबा कुलपात ठेवला. त्या काळात जे समजलं, ते माझ्यासारख्या बायकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

एक वाटी माहेरची, एक सासरची असं आपण मानतो. पण मालकी अशी वाटली जात नाही. लग्नात बाईला दिलेला दागिना आईवडिलांनी घातलेला असो की सासूसासऱ्यांनी, तो तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं. सासरी ठेवलेलं स्त्रीधन ही तिची ठेव असते. ती मागितल्यावर न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. २०२४ साली केरळमधल्या एका खटल्यात याच न्यायालयाने सोन्यापोटी बाईला पंचवीस लाख रुपये द्यायला लावले. म्हणून वाटी मी दिली नाही, अंगठीही नाही. माझ्या वडिलांनी नवरदेवाच्या बोटात हौसेने घातलेली अंगठी मात्र त्याची. ती मी मागितली नाही. आपण जो नियम धरतो तो दोन्हीकडे सारखा लागू झाला पाहिजे.

खरा धोका कागदात असतो. आमच्या संमतीच्या अर्जात एक ओळ होती : 'सर्व स्त्रीधन मिळाले, यापुढे कोणतीही मागणी नाही.' माझ्या पाटल्या आणि ठुशी तेव्हा सासरच्या कपाटातच होत्या. एका नातेवाइकाने समजावलं, ही नुसती पद्धत आहे, करून टाक सही. मी केली नाही. आधी वजनासकट यादी मागितली, दागिने चार माणसांसमोर तोलून ताब्यात घेतले, मगच सही केली. बायांनो, ही ओळ शोधून वाचा. एकदा सही झाली की न मिळालेलं सोनं मागणं फार अवघड होतं. सराफाची पावती, लग्नातले फोटो, आहेराची वही, जे असेल ते जपून ठेवा. लग्नातल्या भेटींची सह्या केलेली यादी ठेवावी असा नियम १९८५ पासून आहे, पण आपल्याकडे ती करतं कोण?

वकिलाला पैसे नसतील तर जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. घरात छळ झाला असेल, तर २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

हुकूमनामा हाती येईपर्यंत काही विकू नका, दान करू नका. संमतीच्या घटस्फोटात साधारण सहा महिने थांबावं लागतं. न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, पण तोवर दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. मंगळसूत्र गळ्यातून कधी काढायचं, हे मात्र कुणी सांगू नये. एकटीने प्रवास करताना, परक्या शेतात कामाला जाताना काळे मणी अंगावर ठेवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना जाब विचारायचा हक्क कुणाला नाही. मनापासून देवाला वाहायचं असेल तर जरूर वाहा, अशुभाच्या भीतीने नको.

अंगठी मी पुढे मोडली, मंगळसूत्र ठेवलं. मंगळसूत्र मोडणारीने मणी ओवलेलं वजन धरू देऊ नये. मणी आणि तार काढून नुसतं सोनं तोलायला लावावं. वाट्या पोकळ असतील तर आत लाख भरलेली असू शकते. तीही वजा होते. घडणावळ परत मिळत नाही, हे मनाशी धरूनच जावं. बावीस कॅरेट म्हणजे शंभरात साडेएक्याण्णवच्या वर शुद्ध सोनं. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसला तरी तो विकता येतो. फक्त मान्यताप्राप्त केंद्रात कस तपासून घ्यावा, आणि दोनतीन दुकानांत भाव विचारावा. पावती आपल्या नावाची घ्यावी, रक्कम थेट आपल्या खात्यात. घरात कुणाला त्यातून उसने द्यायचे झाले, तर तेही खात्यातूनच द्यावेत, म्हणजे नोंद राहते.