बिझनेस ॲनालिस्टच्या नोकरीसाठी सीव्ही कसा लिहावा?



आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी बी. कॉम., बी. सी. ए. किंवा बी. ई. झाले की अर्ज तपासून घ्यायला शाळेत येतात. अलीकडे या अर्जांवर ‘बिझनेस ॲनालिस्ट’ हे पद वारंवार दिसते. आपल्या इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरवर टी. सी. एस. आणि इन्फोसिस यांची केंद्रे आहेत, लहान सॉफ्टवेअर कंपन्याही बऱ्याच आहेत, म्हणून मुलांना हे नाव ऐकून ठाऊक असते. पण ‘या पदावर नेमके काम काय करतात?’ असे विचारले की बहुतेकजण गप्प होतात. काम ठाऊक नसेल तर त्या कामाचा अर्ज चांगला कसा होणार? म्हणून हा पाठ. नववी-दहावीच्या मुलांनीही तो वाचावा. सीव्ही एका रात्रीत लिहून होतो, पण त्यात लिहिण्याजोगे काही जमायला वर्षे लागतात.

हे काम काय आहे?

समजा, क्लॉथ मार्केटमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याला उधारीचा हिशोब कॉम्प्युटरवर आणायचा आहे. तो सॉफ्टवेअर कंपनीला सांगतो, “उधारी दिसली पाहिजे.” प्रोग्रॅमर विचारतो, बिलाप्रमाणे की गिऱ्हाइकाप्रमाणे? परत आलेल्या मालाचे काय? दलाली कुठे धरायची? अर्धे पैसे आले तर ते जुन्या बिलात जमा करायचे की नव्या? व्यापाऱ्याला हे सगळे तोंडपाठ असते, पण ते सांगावे लागते हेच त्याला सुचत नाही. प्रोग्रॅमरला संगणक कळतो, बाजार कळत नाही. या दोघांच्या मध्ये बसून प्रश्न विचारणारा, उत्तरे लिहून काढणारा, कामाच्या क्रमाचे चित्र काढणारा, ते दोघांकडून मान्य करून घेणारा आणि शेवटी तयार झालेली वस्तू मागणीप्रमाणे आहे की नाही हे पाहणारा माणूस म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट.

आपल्या मुलांना हे पटकन समजावे. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘शिक्षा’ हा शब्द दोनदा शिकावा लागतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत नोकरीचा साक्षात्कार होतो. मराठीत साक्षात्कार देवाचा होतो, नोकरीसाठी मुलाखत असते. शब्द एक, पण ऐकणारे दोघे वेगवेगळे समजतात, आणि व्यवहारातली पुष्कळ नुकसानी याच कारणाने होते. “तुम्ही या शब्दाचा अर्थ काय धरता?” हा प्रश्न वेळेवर विचारणे हे या कामाचे मूळ आहे.

बायोडाटा, रेझ्युमे आणि सीव्ही

सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, मूळ लॅटिन शब्द. अर्थ साधारण ‘जीवनाचा क्रम’. प्राध्यापक आणि संशोधक यांचा सीव्ही लांब असतो. नोकरीसाठी एक-दोन पानांचा लागतो त्याला रेझ्युमे म्हणतात. आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात, त्यात अडण्याचे कारण नाही.

अडचण होते ती बायोडाटामुळे. आपल्या घरांत लग्नाचा बायोडाटा ओळखीचा असतो, आणि मुले तोच साचा नोकरीला वापरतात. जन्मवेळ, उंची, वर्ण, वडिलांचा हुद्दा, भावंडांची संख्या यांपैकी काहीही या अर्जात नको. आधार किंवा पॅन क्रमांक तर मुळीच लिहू नये. अनोळखी हाती गेला तर त्याचा दुरुपयोग होऊ शकतो. मागितला नसेल तर फोटोही नको.

आधी जाहिरात वाचा

सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मागणारे पत्र तयार केले होते. त्या पत्राचा मसुदा आजही टिकून आहे. त्यात लिओनार्दो आधी हलके पूल, किल्ले पाडण्याच्या युक्त्या, तोफा आणि युद्धरथ यांविषयी सांगतो. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. कारण उघड आहे. लुडोव्हिकोला त्या वेळी लढाईची चिंता होती. अर्ज करणाऱ्याला काय आवडते यापेक्षा घेणाऱ्याला काय हवे आहे, ते वर आले.

आपणही तेच करावे. जाहिरातीची प्रत काढा, पेन्सिल घ्या आणि मागितलेल्या गोष्टींखाली रेघ मारा: एक्सेल, एस. क्यू. एल., गरजांची नोंद, प्रवाहचित्र, अहवाल, ग्राहकांशी बोलणे. यांतल्या ज्या गोष्टी आपल्याला खरोखर येतात, त्या आपल्या सीव्हीच्या पहिल्या अर्ध्या पानात दिसल्या पाहिजेत, आणि शक्यतो त्याच शब्दांत. मोठ्या कंपन्यांत अर्ज पुष्कळदा आधी संगणकाच्या चाळणीतून जातात. रंगीत चौकटी, तक्ते आणि चित्रे यांतला मजकूर त्या चाळणीला नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून साधा टाइप, साधी शीर्षके आणि सरळ खाली जाणारा मजकूर ठेवावा.

एकच सीव्ही पन्नास ठिकाणी पाठवू नये. डॉक्टर सर्वांना एकच गोळी देत नाही.

कोणते भाग असावेत?

१. वर नाव, शहर, मोबाइल आणि ई-मेल. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. कॉलेजात गमतीने घेतलेला नको.

२. तीन-चार ओळींचा परिचय. “मी मेहनती व प्रामाणिक आहे” हे सगळेच लिहितात. त्याऐवजी काय शिकला, कोणत्या व्यवहाराची माहिती आहे आणि कोणती साधने येतात, ते लिहा.

३. कौशल्ये. दोन गट करावेत: साधने आणि पद्धती. पुढे वीस नावे रचण्यापेक्षा सहा लिहावीत, ज्यांवर प्रश्न आला तर उत्तर देता येईल.

४. अनुभव किंवा प्रकल्प. हा सीव्हीचा गाभा आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

५. शिक्षण, अलीकडचे आधी.

६. प्रमाणपत्रे. या क्षेत्रातली आय. आय. बी. ए. ही संस्था २००३ साली कॅनडात स्थापन झाली. तिची ई. सी. बी. ए. ही परीक्षा नवशिक्यांसाठी असून तिला अनुभवाची अट नाही. सी. बी. ए. पी. मात्र ७५०० तासांच्या अनुभवानंतरच देता येते, त्यामुळे आत्ताच त्यामागे धावू नये. भारत सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेत पुष्कळ अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असते.

७. भाषा.

नवशिक्याचा सीव्ही एका पानात मावला पाहिजे.

ओळ कशी लिहावी?

प्रत्येक ओळीत तीन प्रश्नांची उत्तरे असावीत: काय केले, कशाच्या साहाय्याने केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. खाली दोन उदाहरणे दिली आहेत. त्यांतले आकडे नमुन्याचे आहेत.

कच्ची ओळ: “वडिलांच्या किराणा दुकानात मदत केली.”

पक्की ओळ: “कौटुंबिक किराणा दुकानातील ४२० वस्तूंची एक्सेलमध्ये सूची केली, तीन महिने रोजच्या विक्रीची नोंद ठेवली, महिनाभर न हललेल्या ३५ वस्तू शोधून खरेदीची यादी बदलून दिली.”

कच्ची ओळ: “कॉलेज प्रकल्प: ग्रंथालय सॉफ्टवेअर.”

पक्की ओळ: “ग्रंथपाल व ११ विद्यार्थ्यांशी बोलून पुस्तक देण्या-घेण्याची चालू पद्धत लिहून काढली, तिचे प्रवाहचित्र केले, १४ गरजा नोंदवून त्यांतील ५ तातडीच्या ठरविल्या, तयार प्रणाली त्या गरजांप्रमाणे चालते की नाही हे तपासले.”

दुसऱ्या उदाहरणाकडे नीट पाहा. मुलाने प्रोग्रॅम किती छान लिहिला, हे त्यात नाही. लोकांशी बोलणे, लिहून काढणे, क्रम ठरविणे आणि तपासणे, हे आहे. बिझनेस ॲनालिस्ट निवडणारा हेच शोधत असतो. एकाच प्रकल्पाची ओळ प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी वेगळी लिहावी लागेल आणि या नोकरीसाठी वेगळी. दोन्ही खऱ्या असतील, फक्त जोर वेगळ्या जागी असेल.

आकडा असावा, पण तो मोजलेला असावा. मोजला नसेल तर लिहू नये. “विक्री ४० टक्क्यांनी वाढविली” असे लिहिलेत तर मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, “कशाच्या ४० टक्के?” तिथे गडबडलात की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

“पण मला अनुभवच नाही”

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते, आणि बहुतेक वेळा ते खरे नसते. सियागंजमध्ये काकांच्या गादीवर बसलेला मुलगा घाऊक व्यापार आतून पाहत असतो. सराफ्यात घरचे काम असलेल्या मुलीला तोळा, घट आणि मजुरी यांचा हिशोब माहीत असतो. वडील पीथमपूरच्या कारखान्यात असतील तर पाळ्या, स्टोअर आणि माल पाठविण्याची रीत घरात कानावर पडते. या माहितीला कंपन्या ‘डोमेन’ म्हणतात आणि तिची किंमत करतात. आपली मुले मात्र ती लपवितात, कारण दुकानाचे नाव घ्यायला त्यांना संकोच वाटतो. संकोच सोडा. फक्त पाहिले ते ‘पाहिले’ आणि केले ते ‘केले’ असेच लिहा.

गणेशोत्सवाची वर्गणी, सहलीची नोंदणी, स्नेहसंमेलनातील खाद्यपदार्थांचे कूपन ही सुद्धा कामेच आहेत, अट एवढीच की त्यांची नोंद ठेवलेली असावी. आजपासून एक वही करा. काम, तारीख, अडचण, उपाय आणि परिणाम असे पाच रकाने आखा. चार वर्षांनी सीव्ही लिहिताना ही वही समोर असेल तर आठवत बसावे लागणार नाही.

भाषेचा रकाना

मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे, त्यामुळे इंग्रजीतला अर्ज पाहून मनात येणारी धाकधूक मला ठाऊक आहे. या भीतीपोटी मुले दोन गोष्टी करतात. एक, दुसऱ्याचा सीव्ही उतरवून घेतात. दोन, भाषेच्या रकान्यात फक्त ‘इंग्रजी’ लिहून मराठी आणि हिंदी गाळतात.

दोन्ही टाळा. इंग्रजी साधी लिहा, वाक्ये लहान ठेवा, शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्या. आणि तिन्ही भाषा लिहा. बोलता, वाचता, लिहिता येते का तेही सांगा. पुण्या-मुंबईचा ग्राहक मराठी बोलतो, इंदूर-भोपाळचा हिंदी, आणि अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. ज्याला तिन्हीकडे मोकळेपणी प्रश्न विचारता येतात, तो या कामाला उपयोगी आहे. मराठी टिकवा असे आपण सभांमधून सांगतो. मुलांच्या अर्जात ती लिहिलेली दिसली तर मला अधिक समाधान वाटेल.

आता संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही सीव्ही लिहून मिळतो. व्याकरण तपासायला ती मदत अवश्य घ्यावी. पण तिने लिहिलेली जी ओळ तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येणार नाही, ती खोडून टाका.

खोटेपणाची किंमत

हा भाग पालकांनीही वाचावा. पैसे घेऊन अनुभवाचे खोटे पत्र देणारे दलाल आहेत. “सगळेच करतात” असे ते सांगतात. पुष्कळ कंपन्या नेमणुकीच्या आधी किंवा नंतर कागदपत्रांची पडताळणी करतात. पत्र खोटे निघाले तर नोकरी जाते, आणि पुढच्या ठिकाणी मधल्या काळाचा खुलासा देता येत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घराला हा धक्का सोसत नाही. त्याचप्रमाणे नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागणाऱ्यालाही एक पैसा देऊ नका.

एक वर्ष रिकामे गेले असेल तर तसेच लिहावे. आजारपण, घरची अडचण, स्पर्धा परीक्षा यांत लाजण्यासारखे काही नाही. त्या काळात जे शिकलात तेही सोबत लिहा.

पालकांना आणखी एक विनंती. मुलाचा अर्ज स्वतः लिहून देऊ नका. त्याला विचारा, “हे तू नक्की काय केलेस?” आणि उत्तर कळेपर्यंत विचारत राहा. मुलाखतीची यापेक्षा चांगली तयारी नाही. विश्वस्त मंडळींना माझी सूचना आहे की महिन्यातल्या एका शनिवारी संगणक कक्ष माजी विद्यार्थ्यांसाठी उघडा ठेवावा आणि नोकरीत स्थिर झालेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना अर्ज तपासायला बोलवावे. याला खर्च फारसा येणार नाही. गरज आहे ती किल्ली ठेवणाऱ्या एका माणसाची.

स्वाध्याय

१. शाळेतील फी भरण्याची पद्धत पाहा. पालक फाटकातून आत आल्यापासून पावती हातात पडेपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा.

२. कार्यालयातील एका व्यक्तीला आणि दोन पालकांना प्रत्येकी तीन प्रश्न विचारा. कुठे वेळ जातो ते नोंदवा.

३. एक सुधारणा सुचवा आणि तिला कोणाची संमती लागेल ते लिहा.

४. या कामाची सीव्हीत घालता येईल अशी एक ओळ तयार करा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चांगल्या सूचना कार्यालयात प्रत्यक्ष करून पाहू, आणि त्या मुलांना आपल्या सीव्हीत लिहायला एक खरी ओळ मिळेल.

— प्राचार्या