परसातील वनौषधी : श्रद्धा, उपचार आणि विवेक

मराठवाड्यात परसातील वनस्पतींना दुहेरी मान आहे. त्यांना देवघरात स्थान आहे, तसेच आजीबाईच्या बटव्यातही. बालाघाटच्या डोंगररांगेतील अहमदपूर परिसरात वारकरी व वीरशैव या दोन्ही परंपरा नांदत असल्याने येथे तुळस आणि बेल यांचे माहात्म्य सारखेच आहे. वैद्यकीय शिक्षण घेऊनही आपले आयुष्य धर्मकार्यास वाहणारे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज (निधन २०२०) याच भूमीतले. उपचार आणि उपासना यांचे नाते येथे जुने आहे.

वनस्पती व त्यांचे अर्थ

तुळस ही वारकऱ्याच्या गळ्यातील माळ आणि अंगणातील नित्य पूजेचा विषय. तिच्या पानांचा काढा सर्दी-पडशात घेतला जातो. बेलाचे त्रिदल कोणी शिवाचे तीन नेत्र मानतात, तर कोणी त्रिगुण. त्याचे अर्धपक्व फळ आयुर्वेदात अतिसारावर सांगितले आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने गुळासह खाण्यात वर्षातील कडू-गोड सारखेच स्वीकारण्याची शिकवण आहे. अडुळसा मात्र देवघरापेक्षा औषधातच अधिक मानला गेला. त्यातील व्हॅसिसीन या घटकाच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे आधुनिक औषध पुढे आले.

लातूर जिल्ह्यात या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील बेट. दुर्मिळ वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेल्या या टेकडीस लोक ‘संजीवनी बेट’ म्हणतात. उत्तरा नक्षत्रात येथील वनस्पतींना विशेष गुण येतो, या समजुतीने दूरदूरचे लोक येथे येतात.

पूज्य ते सर्वच सेव्य नव्हे

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत तुळस व दूर्वा आहेत, तसेच धोत्रा, रुई व कण्हेर हेही आहेत. धोत्र्याच्या बियांनी भ्रम व बेशुद्धी येते. रुईचा चीक डोळ्यास इजा करतो. कण्हेरीचे विष हृदयावर परिणाम करते. पूर्वजांनी त्यांना देवाच्या चरणी स्थान दिले, ताटात नव्हे. सृष्टीतील उग्र आणि सौम्य या दोहोंना वंदन करण्याचा हा संस्कार आहे; त्यास सेवनाची अनुज्ञा समजणे घातक ठरते.

निर्दोष मानलेल्या वनस्पतींनाही मर्यादा आहेत. गर्भवतीने अडुळसा टाळावा, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. लहान मुलांना कडुनिंबाचे तेल पोटात देऊ नये. सन २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविले. त्यावर, वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद बाजूस ठेवला तरी बोध स्पष्ट आहे : सारख्या दिसणाऱ्या वेली एकच नसतात, आणि ओळखीवाचून औषध नाही. सर्पदंश झाल्यास तर पाल्याच्या शोधात एक क्षणही न दवडता रुग्णास प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. या विलंबाची किंमत प्राणाने मोजावी लागते.

शाळा व पंचायतींचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून, लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम तिच्याकडे आहे. गावातील जाणत्या वृद्धांचे वनस्पतिज्ञान त्यांच्यासोबत लोप पावण्यापूर्वी या नोंदवहीत उतरावयास हवे. प्रत्येक वनस्पतीपुढे तिचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग व धोका असे चार रकाने असावेत. शिक्षकांनी शालेय बागेत तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा लावून मुलांना ही ओळख द्यावी. विषारी झाडेही दाखवावीत, परंतु दुरून.

वनौषधी गोळा करणाऱ्यांनी मूळ उपटण्याऐवजी पाने व बिया घेतल्यास टेकड्यांवरील संपत्ती टिकेल. ज्या वनस्पतीपुढे आपण हात जोडतो, ती पुढील पिढीसही पाहावयास मिळणे हीच त्या श्रद्धेची खरी पूर्तता होय.