सरल हरात्मक गती आणि सरकलेले केंद्र

अकरावी-बारावीच्या मुलांना सरल हरात्मक गतीचा पाठ शिकवताना (मुले तिला थोडक्यात ‘एस. एच. एम.’ म्हणतात) एक प्रश्न हमखास अडतो. सूत्र सर्वांना पाठ असते. पण गतीचे केंद्र शून्यावरून जरा बाजूला सरकले, की चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांची लेखणी थबकते. आपल्या सभासदांच्या घरची पुष्कळ मुले या परीक्षांना बसतात, म्हणून स्मरणिकेच्या या पानावर त्या एकाच प्रश्नाचा विचार करू.

व्याख्येपासून आरंभ करावा. सरळ रेषेत हलणाऱ्या कणाचे त्वरण त्या रेषेवरील एका स्थिर बिंदूपासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात असेल आणि नेहमी त्या बिंदूकडे रोखलेले असेल, तर ती गती सरल हरात्मक होय. येथे ‘एका स्थिर बिंदूपासून’ असे म्हटले आहे, ‘शून्यापासून’ असे नव्हे. पाठ्यपुस्तके सोयीसाठी तो बिंदू शून्यावर घेतात व त्वरण = −न²क्ष असे लिहितात. विद्यार्थी सोयीलाच व्याख्या समजतो आणि घोटाळा तेथेच होतो.

आता हा प्रश्न पाहा. कण क्ष मीटरवर असताना त्याच्या वेगाचा वर्ग २८ + २४क्ष − ४क्ष² आहे. गती सरल हरात्मक असल्याचे सिद्ध करा. वेगवर्गाच्या निम्म्याचे क्ष-सापेक्ष अवकलन केले की त्वरण मिळते. ते येते १२ − ४क्ष. कोणी येथे ऋण चिन्ह पाहूनच ‘सिद्ध झाले’ लिहून मोकळा होतो; कोणी त्या १२ ला भिऊन ‘ही गती हरात्मक नाही’ असे ठरवतो. दोघेही एक पायरी आधी थांबले. १२ − ४क्ष = −४(क्ष − ३). आता य = क्ष − ३ घ्या. ३ ही स्थिर संख्या असल्याने य चे त्वरण तेच क्ष चे त्वरण. बदलली ती केवळ मोजणीची जागा. म्हणून य चे त्वरण = −४य. परीक्षक वाट पाहत असतो ती या ओळीची. केंद्र क्ष = ३, न = २, आवर्तकाल पाय सेकंद, म्हणजे सुमारे ३.१४ सेकंद.

वेग शून्य होतो तो क्ष = −१ व क्ष = ७ येथे. परमप्रसर ४ मीटर; पुष्कळ जण तो शून्यापासून मोजून ७ लिहितात. −१ आणि ७ यांचा मध्य ३ येतो, हा पडताळा चांगला. पण तो पडताळाच, सिद्धता नव्हे. दोन भिंतींमध्ये आपटत राहणारा चेंडूही दोन टोकांमध्ये ये-जा करतो, म्हणून त्याची गती काही हरात्मक होत नाही.

केंद्र सरकवणे ही परीक्षकाची खोडी आहे, असा मुलांचा समज असतो. तसे नाही. आकड्याला टांगलेल्या हलक्या स्प्रिंगला अर्धा किलो वजन लावा. स्प्रिंग १ मीटर ताणण्यास ५० न्यूटन बल लागते असे धरू. मूळ लांबीपासून ताण क्ष मीटर असताना वजन ४.९ न्यूटनने खाली ओढते, स्प्रिंग ५०क्ष न्यूटनने वर. म्हणून खालच्या दिशेचे त्वरण = ९.८ − १००क्ष = −१००(क्ष − ०.०९८). केंद्र मूळ लांबीच्या ९.८ सेंटिमीटर खाली आले, आणि वजन स्थिर टांगून राहते ते नेमके तेथेच. मूळ लांबीवर हाताने धरून वजन अलगद सोडले, तर ते १९.६ सेंटिमीटर खाली जाऊन परत येईल. हीच स्प्रिंग व हेच वजन गुळगुळीत टेबलावर आडवे ठेवले, तर केंद्र पुन्हा मूळ लांबीवर येते. आवर्तकाल मात्र दोन्हीकडे तोच, सुमारे ०.६३ सेकंद. स्थिर बल केंद्र हलवते, कालाला हात लावीत नाही.

एन. सी. ई. आर. टी. च्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात ज्या² चे उदाहरण आहे, तेही याच जातीचे. (‘ज्या’ हा मूळचा संस्कृत शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, पुढे ‘जैब’ असा वाचला गेला, व त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले, मुलांचा ‘साइन’ तो हाच.) क्ष = ज्या² नत हे ½ − ½ कोज्या २नत असे लिहिले, की त्वरण = −४न²(क्ष − ½) येते. केंद्र अर्ध्यावर, आणि आवर्तकाल २पाय/न नसून पाय/न. वर्ग पाहताच ‘हरात्मक नाही’ म्हणणाऱ्याचे गुण येथे जातात.

उत्तराच्या शेवटी ‘म्हणून गती क्ष = ३ या बिंदूभोवती सरल हरात्मक आहे’ असे पूर्ण वाक्य लिहावे; नुसते ‘सिद्ध झाले’ पुरत नाही. घरी करून पाहण्यासाठी एक उदाहरण देतो: क्ष = ५ + ३ ज्या २त + ४ कोज्या २त. केंद्र ५ येईल व परमप्रसरही ५ येईल. हे दोन पाच वेगवेगळ्या कारणांनी कसे येतात, ते मुलांनी पालकांना समजावून सांगावे.