गोचिडाच्या पोटांतील बिऱ्हाडें

गोचीड ठाऊक नाहीं असा विद्यार्थी, निदान खेड्यांतून शाळेस येणाऱ्यांत, विरळाच. गाईच्या कासेला किंवा कुत्र्याच्या कानामागें चिकटलेला हा प्राणी दुधाच्या इतका जवळ राहूनहि रक्तच पितो, म्हणून त्याची अपकीर्ति फार जुनी आहे. पुष्कळ लोक त्यास किडा म्हणतात. परंतु पूर्ण वाढलेल्या गोचिडाचे पाय मोजले तर ते आठ भरतात, म्हणजे त्याचें गोत्र कोळी व विंचू यांचें. या क्षुद्र प्राण्याच्या शरीरांत सूक्ष्म जंतूंचीं अनेक बिऱ्हाडें असतात. त्यांपैकीं कांहीं माणसाचा प्राण घेतात, कांहीं गोचिडालाच पोसतात, आणि एका जंतूनें तर एका खोऱ्यांतील निम्म्या लोकवस्तीचें नकळत रक्षण केलें असें दिसतें. या शेवटल्या जंतूची हकीकत आम्ही थोडी विस्तारानें सांगणार आहों.

अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत बिटररूट नांवाचें एक खोरें आहे. त्याच नांवाची नदी त्यामधून दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पश्चिमेस बिटररूट पर्वताची रांग व पूर्वेस सॅफायर पर्वताची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांस व लांकूडतोड्यांस वसंत ऋतूंत एक भयंकर ताप येऊं लागला. मनगटांपासून व घोट्यांपासून आरंभ होऊन अंगभर ठिपके उठत, म्हणून त्यास ठिपक्यांचा ताप म्हणत. या खोऱ्यांत दहा रोग्यांपैकीं सातआठ दगावत. लोकांच्या लक्षांत एक विलक्षण गोष्ट आली होती. ताप येई तो बहुधा नदीच्या पश्चिम तीरावर. पूर्व तीरावरचीं घरें बहुतेक मोकळीं राहत. कोणी पश्चिमेच्या डोंगरांवरील वितळलेल्या बर्फाच्या पाण्यास दोष देत. हा समज खोटा ठरला, पण ज्या निरीक्षणावर तो उभा होता तें निरीक्षण खरें होतें, हें येथें विसरूं नये.

१९०६ सालीं शिकागो विद्यापीठांतील डॉक्टर हॉवर्ड टेलर रिकेट्स हे या तापाच्या शोधार्थ मोंटानांत आले. त्यांनीं रोग्याचें रक्त गिनीपिगास टोंचून त्यांच्यांत हाच ताप उत्पन्न केला. मग आजारी गिनीपिगावर लावलेला गोचीड काढून निरोगी गिनीपिगावर सोडला, आणि तोहि आजारी पडला. चोर सांपडला. परंतु एवढ्यानें रिकेट्स यांचें समाधान झालें नाहीं. या जातीचा गोचीड आयुष्यांत तीनदांच जेवतो: एकदां सहा पायांचें पिलू असतांना, दुसऱ्यांदा आठ पायांचें मोठें पिलू झाल्यावर, आणि शेवटीं पूर्ण वाढ झाल्यावर. शेवटचें जेवण झालें कीं मादी हजारों अंडीं घालते व मरते. मग विष पुढल्या पिढींत जातें कसें? रिकेट्स यांनीं दाखविलें कीं तें अंड्यांतून जातें. आईच्या अंडाशयांत शिरलेला जंतु पिलांस वारशानें मिळतो. पुढें मेक्सिको शहरांत प्रलापक तापाचा अभ्यास करीत असतां त्याच तापानें १९१० सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. या जंतूंच्या कुळास रिकेट्सिया हें नांव त्यांच्याच स्मरणार्थ दिलेलें आहे. मटणाच्या पाण्यांत किंवा अशा निर्जीव द्रव्यांत हे जंतु वाढत नाहींत. त्यांस राहावयास जिवंत पेशीच लागते.

१९२१ सालीं या खोऱ्यांतील हॅमिल्टन गांवाजवळ एका ओस पडलेल्या शाळेच्या इमारतींत प्रयोगशाळा थाटण्यांत आली. तेथें पार्कर व स्पेन्सर यांनीं गोचीड वाटून त्यांच्यापासून लस तयार केली, आणि स्पेन्सर यांनीं १९२४ सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्या कामांत कांहीं सहायक ताप येऊन मरण पावले. याच संशोधकांनीं असें पाहिलें कीं हिवाळाभर उपाशी असलेल्या गोचिडांतील जंतु निस्तेज असतो. ऊब व ताजें रक्त मिळाल्यावर त्याचें तेज परत येतें. अंगावरचा गोचीड जितका लवकर काढावा तितकें बरें, असें डॉक्टर सांगतात त्याचें एक कारण हेंच.

पूर्व तीराचें कोडें मात्र तसेंच राहिलें. दोन्ही तीरांवर गोचीड एकाच जातीचे होते, आणि पूर्वेसहि ते विपुल होते. स्वित्झर्लंडमधून येऊन हॅमिल्टनला स्थायिक झालेले विली बर्गडॉर्फर यांनीं १९७० सालीं गोचीड तपासण्याची एक सुरेख रीत प्रसिद्ध केली. गोचिडाच्या एका पायाचें टोंक कात्रीनें कापावें; जो थेंब येईल तो कांचेवर टिपून रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. रिकेट्सिया असल्यास तांबड्या काड्या दिसतात, आणि गोचीड जिवंत राहून पुढील प्रयोगास उपयोगी पडतो. परंतु पूर्व तीरावरील गोचिडांनीं या रीतीसहि चकविलें. त्यांच्या पायाच्या थेंबांत कांहीं दिसेना. गोचीड चिरून अंडाशय तपासले तेव्हां ते रिकेट्सियांनीं भरलेले आढळले! हे जंतु गिनीपिगास टोंचले असतां त्यास कांहींच होईना. १९८१ सालीं बर्गडॉर्फर व त्यांचे सहकारी यांनीं हा शोध प्रसिद्ध केला, आणि १९९७ सालीं या जंतूचें रिकेट्सिया पीकॉकी असें नामकरण झालें.

आतां खरी गंमत पाहा. ज्या मादीच्या अंडाशयांत हा निरुपद्रवी पाहुणा आधींच बिऱ्हाड करून बसला आहे, तिनें आजारी प्राण्याचें रक्त प्यालें तर घातक जंतु तिच्या शरीरांत शिरतो खरा, पण तिच्या अंड्यांत जात नाहीं. वारशाची वाट अडली कीं त्या तीरावर घातक जंतूचें घराणें टिकणें कठीण. त्यांत १९९९ सालीं असेंहि आढळलें कीं घातक रिकेट्सिया स्वतः गोचिडांसहि मारक आहे. तरी एवढ्या एका कारणानें सगळा उलगडा झाला असें म्हणणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें. गोचिडांस पोसणारे उंदीर, खारी व त्यांचीं झुडपें यांचाहि वांटा असूं शकेल.

हा पाहुणा शांत कां, याचें उत्तर २००९ सालीं त्याचा संपूर्ण आनुवंशिक लेख वाचल्यावर कांहीं अंशीं मिळालें. घातक भाऊबंद एका पेशींतून दुसरींत घुसण्यासाठीं ज्या सामग्रीचा उपयोग करतात, तिच्यापैकीं कांहीं भाग याच्यांत तुटलेला आहे.

सगळींच बिऱ्हाडें अशीं फुकटीं राहत नाहींत. गोचिडाचें अन्न केवळ रक्त, आणि रक्तांत ब वर्गांतील जीवनसत्त्वें फार थोडीं. २०१८ सालीं आफ्रिकेंतील एका गोचिडावर केलेल्या प्रयोगांत त्याच्या शरीरांतील फ्रान्सिसेला जातीचे जंतु औषधानें नाहींसे केले, तेव्हां त्याची वाढ खुंटली. तींच जीवनसत्त्वें बाहेरून पुरविल्यावर ती पुन्हां सुरू झाली. म्हणजे हा भाडेकरू घरमालकाचा आचारीहि आहे.

आमच्या महाराष्ट्रांतहि रिकेट्सियाचा एक भाऊबंद, रिकेट्सिया कोनोरी, गोचिडांमार्फत माणसांस ताप आणतो. यांत तळहात व तळपाय यांवरहि पुरळ उठतें. डॉक्सिसायक्लिन हें औषध वेळींच मिळाल्यास रोगी बरा होतो, म्हणून असा ताप आल्यास आपल्या अंगावर गोचीड आढळला होता हें डॉक्टरांस अवश्य सांगावें. गोचीड काढतांना चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनीं चिरडूं नये, आणि मग हात साबणानें धुवावे.