किलोचं तेल, लिटरचा कॅन

दिवाळीच्या आधी लाकडी घाण्यावर गेले, पाच लिटरचा कॅन पुढे केला आणि म्हटलं, "पाच किलो शेंगदाणा द्या." घाणेवाल्या काकांनी आधी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, मावायचं नाही यात." मी हट्टाने भरायला लावलं. तेल कॅनच्या गळ्याशी आलं तरी काट्यावरचा आकडा पाचाच्या खालीच! उरलेलं तेल त्यांनी एका कोरड्या बाटलीत घालून दिलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर पाणी एक किलो भरतं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, करडई यांतलं कुठलंही तेल लिटरला साधारण 910 ते 920 ग्रॅम. घरच्या हिशेबाला 910 धरा.

किलोचे लिटर करायचे तर 0.91 ने भागा, लिटरचे किलो करायचे तर 0.91 ने गुणा. तोंडी करायचं असेल तर किलोत दहावा हिस्सा मिळवा: 5 किलो म्हणजे साडेपाच लिटर. उलट जाताना दहावा हिस्सा वजा करा, उत्तर किंचित कमी येईल इतकंच. डबा घेताना हे विसरू नका. 15 किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असतं, 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलो. डबे शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच.

भावाचं मात्र उलटं चालतं, आणि घोळ तिथेच होतो. समजा घाण्यावर 320 रुपये किलो आणि दुकानात 300 रुपये लिटर असा भाव आहे. दुकानातलं स्वस्त वाटतं ना? 300 त दहावा हिस्सा मिळवा. 330 रुपये किलो पडलं. घाण्यावरचंच स्वस्त.

पिशवी घेताना लिटरवर न थांबता ग्रॅमही वाचा. तेल तापलं की फुगतं: लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम. काही पिशव्यांवर लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात असं चढं तापमान छापलेलं असायचं, म्हणजे लिटर पुरा आणि तेल कमी! 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न छापता आकारमान आणि सोबत वजन द्यायला सांगितलं. 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवीही लांबून लिटरचीच वाटते. तेव्हा किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. किलोचा भाव समोर.

आता स्वयंपाकघरात. वाटी हे काही ठरलेलं माप नाही. माझ्याकडच्या तीन वाट्या तीन तऱ्हेच्या आहेत. म्हणून एकदाच आपली वाटी मोजून ठेवा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नेहमी भरता तितकं पाणी भरा. 160 ग्रॅम आलं तर वाटी 160 मिलीची. तिच्यात तेल मावेल 145 ग्रॅमच्या आसपास. हा आकडा डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. मग वाटी अगदी कोरडी पुसा, नाहीतर कढईत तडतड उडेल. मापाचा मोठा चमचा 15 मिलीचा, त्यात तेल 14 ग्रॅमला थोडं कमी; छोटा 5 मिलीचा, त्यात साडेचार ग्रॅम.

चकलीच्या कृतीत 100 ग्रॅम तेलाचं मोहन सांगितलं असेल तर ते 110 मिली होतं. मोजायचं ते गार असतानाच. कडकडीत तेल फुगलेलं असतं. ते वाटीने घेतलं तर मोहन कमी पडतं आणि चकली कडक होते. शिवाय हात भाजतो तो वेगळाच.

थंडीत थिजलेलं खोबरेल आणि रवाळ तूप वाटीने मोजूच नका. वाटीत मध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे सरळ काट्यावर घ्या. थिजो की वितळो, वजन तेच राहतं.

घाण्यावर पाच किलोसाठी मी आता दोन कॅन नेते. काका अजूनही आधी कॅनकडेच बघतात.