समुद्री मत्स्यालयातील माशांच्या डोळ्यांस इजा : ओळख व उपचार

कन्हान खोऱ्यातील रामाकोना हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्याच्या या परिसरात रोहू, कटला हे तळ्यातील मासे सर्वांच्या परिचयाचे आहेत. समुद्रातील मासा मात्र येथील विद्यार्थ्यास काचेच्या टाकीतच पाहावयास मिळतो. मुंबई येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना हे दर्शन घडविले. परंतु अशी टाकी बाळगणे म्हणजे एका मुक्या जिवाची जबाबदारी पत्करणे होय.

इजा का होते?

माशाच्या डोळ्यास आपल्यासारखी उघडझाप करणारी पापणी नसते. त्यामुळे खडकावर आपटणे, खरखरीत जाळीने पकडणे किंवा माशांचे आपसातील भांडण यांमुळे डोळ्यास सहज जखम होते. डोळा धुरकट होतो अथवा सुजून बाहेर येतो.

एकाच माशाचा एकच डोळा बिघडल्यास बहुधा ती इजा समजावी. दोन्ही डोळे सुजल्यास किंवा अनेक मासे आजारी पडल्यास दूषित पाणी, जंतुसंसर्ग अथवा परोपजीवी यांचा संशय घ्यावा. डोळ्यात हवेचे बुडबुडे दिसल्यास पंपाच्या नळीतून हवा ओढली जात आहे काय, हे तपासावे.

मिठाविषयीचा गैरसमज

तळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते मिठाच्या पाण्यात बुडविण्याची पद्धत मत्स्यपालकांस ठाऊक आहे. तोच उपाय समुद्री माशास करणे घातक ठरते. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी शिरत असते. तेथे थोडे मीठ उपकारक होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि माशाच्या शरीरातील द्रवात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणून समुद्री माशाच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. अधिक मीठ घातल्यास हा ताण वाढतो.

उपचार

१. जखमी माशास मऊ जाळीने अथवा पारदर्शक भांड्याने अलगद काढून वेगळ्या टाकीत ठेवावे. तेथील तापमान व क्षारता मूळ टाकीइतकीच असावी.

२. प्रकाश मंद ठेवावा. अमोनिया व नायट्राइट मुळीच नसावेत. त्यासाठी पाण्याचा काही भाग नियमित बदलावा.

३. सूज असल्यास पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत मॅग्नेशियम सल्फेट वापरता येते. हे खाण्याचे मीठ नव्हे.

४. प्रतिजैविक औषध संसर्गाची लक्षणे असतील तरच, पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि वेगळ्या टाकीतच द्यावे. मुख्य टाकीत घातल्यास पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जिवाणू मरतात.

५. सुजलेला डोळा टोचू किंवा दाबू नये.

साध्या जखमा स्वच्छ पाण्यात पुष्कळदा आपोआप भरतात. एक डोळा गेला तरी मासा जगू शकतो. अंगावरील पार्श्वरेषेने त्यास पाण्यातील हालचाल जाणवते. मात्र इतर माशांनी खाद्य पळविल्यास तो उपाशी राहतो. त्यास शाबूत डोळ्याच्या बाजूने खाद्य द्यावे.

शाळेत टाकी ठेवणाऱ्या शिक्षकांनी ही निरीक्षणे विद्यार्थ्यांकडून वहीत नोंदवून घ्यावीत. औषध घालण्यापूर्वी कारण शोधावे, हा धडा टाकीतील माशास जितका लागू आहे, तितकाच गोठ्यातील जनावरासही लागू आहे.